हायड्रोजन तिप्पट वेगाने संपतो, मग तीनने भागायचं कशाला?

दापोलीकडच्या एका बारावीच्या मुलीने विचारलंय: "सर, अमोनियाच्या रिॲक्शनमध्ये हायड्रोजन नायट्रोजनच्या तिप्पट वेगाने संपतो असं सगळे सांगतात, मग रेटच्या फॉर्म्युल्यात हायड्रोजनच्या पुढे तीन यायच्या ऐवजी एक-तृतीयांश का येतो? उलटं नाही का वाटत? आणि हाच तीन मग रेट लॉमध्ये पॉवरला का जात नाही?"

अगं, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तुझ्या एकटीचा नाही. मी बावीस वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटवर शिफ्ट केल्या, आता चिपळुणात संध्याकाळी बारावीची पोरं शिकवतो, आणि दर वर्षी जुलैत कायनेटिक्स, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाचा धडा, सुरू झाला की वर्गातली निम्मी पोरं इथेच अडकतात. उरलेल्या निम्म्यांना अडकल्याचंसुद्धा कळत नाही, ती फॉर्म्युला पाठ करून मोकळी होतात आणि मग सीईटीला आकडा उलटा भरून येतात. त्यामुळे तू अडकलीस हे चांगलंच झालं.

घोळ कुठे आहे सांगतो. "रेट" हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. एक म्हणजे हायड्रोजनचा रेट, नायट्रोजनचा रेट, अमोनियाचा रेट, म्हणजे ज्याचा त्याचा वेग, हे तीन वेगवेगळे असतात. आणि दुसरा म्हणजे रिॲक्शनचा रेट, तो एकच असतो. ते एक-तृतीयांश हायड्रोजनच्या वेगाचं वर्णन करत नाही, हायड्रोजनच्या वेगावरून रिॲक्शनच्या वेगाकडे कसं जायचं ते सांगतं.

आता आंबा घे, तुझ्याकडे काय कमी आहे. गुहागरच्या बाजूला माझ्या चुलतभावाची बाग आहे, एप्रिलच्या शेवटी तिथे पडवीत पेट्या भरायचं काम चालतं. पाच डझनची पेटी धर. म्हणजे १ रिकामी पेटी + ६० आंबे → १ भरलेली पेटी. तासाला दहा पेट्या भरल्या जातायत असं समज. पेट्यांच्या थप्पीजवळ बसलेल्याला विचारलंस काम कसं चाललंय, तर तो म्हणेल तासाला दहा. आंब्यांच्या ढिगाजवळ बसलेल्या काकीला विचारलंस तर ती म्हणेल तासाला सहाशे उचलले जातायत. दोघंही खरं बोलतायत, आणि काम तर एकच चाललंय. मग कामाचा वेग किती? दहा. काकीच्या सहाशेवरून दहावर यायला तुला साठने भागावं लागतं. आणि तुझ्या मनात होतं तसं साठने गुणलंस तर छत्तीस हजार येतात, तासाला छत्तीस हजार म्हणजे अख्ख्या तालुक्याचा आंबा आमच्याच पडवीत भरला जातोय!

म्हणजे आंबे साठपट वेगाने संपतात, *म्हणूनच* साठने भागायचं. ज्याचा वेग जास्त त्याला जास्त आकड्याने भागलं की सगळे एका पातळीवर येतात. तुझ्या प्रश्नातच उत्तर होतं, फक्त "मग" च्या जागी "म्हणून" हवं होतं.

अमोनियावर ये. १ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया. एखाद्या क्षणी नायट्रोजन ०.१ मोल प्रति लिटर प्रति सेकंद या वेगाने कमी होत असेल तर त्याच क्षणी हायड्रोजन ०.३ ने कमी होतोय आणि अमोनिया ०.२ ने वाढतोय. आता प्रत्येकाला आपापल्या आकड्याने भाग: ०.१ ÷ १, ०.३ ÷ ३, ०.२ ÷ २, तिन्हीकडे ०.१. तो रिॲक्शनचा रेट. मी पोरांना सांगतो की पाठ काही करू नका, समीकरण लिहा आणि प्रत्येक पदार्थाचा वेग अंशात आणि त्याच्या पुढचा आकडा छेदात टाकून अपूर्णांक मांडा, मध्ये बरोबरची चिन्हं टाका, झालं. त्यातला एक वेग माहीत असला की बाकीचे आपोआप निघतात.

वजा चिन्हाबद्दल पटकन. जो पदार्थ संपतोय त्याच्या कॉन्सन्ट्रेशनमधला बदल मुळातच निगेटिव्ह येतो, आणि रेट आपल्याला पॉझिटिव्हच लिहायचा असतो, म्हणून समोर एक वजा लावून तो सरळ करायचा. गणितात "हायड्रोजन ०.३ ने *संपतोय*" असं शब्दात दिलेलं असेल तर ते वजा त्या "संपतोय" मध्येच गेलं, परत लावायचं नाही. परवाच एका पोराने वहीत दोनदा लावलं, मग अमोनिया निगेटिव्ह वेगाने तयार व्हायला लागला आणि त्याने उत्तराखाली दोन रेघा पण मारल्या.

अजून एक नेहमीची चूक. "हायड्रोजन नायट्रोजनच्या तिप्पट" हे वाक्य पोरं शब्दाला शब्द लावून लिहितात: ३ × हायड्रोजनचा वेग = नायट्रोजनचा वेग. दिसायला बरोबर दिसतं, पण आकडे टाकून बघ, ३ × ०.३ म्हणजे ०.९, आणि नायट्रोजन तर ०.१ आहे. मोठा कोण आहे हे आधी ठरवायचं, मग तीन लहानाच्या बाजूला लावायचा. मी इतकी वर्षं हे करतोय आणि अजूनही मनातल्या मनात "मोठा कोण" विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

आणि हे सगळं मोलमध्ये चालतं हं, ग्रॅममध्ये नाही. वजनात बघायला गेलीस तर २८ ग्रॅम नायट्रोजन बरोबर फक्त ६ ग्रॅम हायड्रोजन जातो आणि ३४ ग्रॅम अमोनिया होतो, म्हणजे ग्रॅमच्या हिशेबात हायड्रोजन उलट हळू संपतोय! तिप्पट वगैरे काही नाही. पेपरात वेग ग्रॅममध्ये दिला असेल तर आधी मोलमध्ये आण, मग भागाकार, मग हवं तर परत ग्रॅम.

घरी करून बघायचं असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या घे, रविवारी कालवण झाल्यावर टाकून देण्याआधी. स्वच्छ धू, वाळव, बत्त्याने कुट आणि व्हिनेगरमध्ये टाक. शिंपली म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंतींना शिंपल्यांचाच भाजून केलेला चुना असायचा. रिॲक्शन अशी: १ कार्बोनेट + २ ॲसेटिक ॲसिड → १ कॅल्शियम ॲसिटेट + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड. पातेलं छोट्या डिजिटल वजनकाट्यावर ठेव, ज्वेलरीवाला दोन डेसिमलचा असतो तो, झाकण लावू नकोस, आणि दर पाच मिनिटांनी वजन लिही. वजन कमी होतंय ते फक्त उडून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं (थोडं पाणी वाफ होऊन जातं, ते सोड). समज वीस मिनिटांत ०.४४ ग्रॅम कमी झालं, तर तो गॅस ०.०१ मोल झाला, म्हणजे मिनिटाला ०.०००५ मोल. गॅसच्या पुढे एकच आहे म्हणून रिॲक्शनचा वेगही तोच. ॲसिडच्या पुढे दोन, म्हणून ॲसिड मिनिटाला ०.००१ मोल संपलं. ॲसिडला तू हातही लावला नाहीस, टायट्रेशन केलं नाहीस, फक्त गॅसच्या वजनावरून ॲसिडचा वेग सांगितलास. हीच या सगळ्या भागाकाराची खरी कमाई आहे, जे मोजायला सोपं ते मोजायचं आणि जे मोजता येत नाही त्याचा वेग काढायचा. एक खाचखळगा सांगून ठेवतो, सुरवातीला वजन जेवढं कमी व्हायला हवं तेवढं होत नाही कारण तयार झालेला गॅस आधी पाण्यातच विरघळून बसतो, सोड्याच्या बाटलीसारखा. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत गॅस *बाहेर पडायचा* वेग आणि गॅस *तयार व्हायचा* वेग वेगळे असतात. हे लक्षात ठेव, शेवटी परत लागणार आहे.

आता इतिहासातली एक गंमत. रिॲक्शनचा वेग नीट मोजणारा पहिला माणूस म्हणून विल्हेल्मीचं नाव घेतात, १८५० साली, त्याने साखरेचं ॲसिडमध्ये तुटणं पोलॅरिमीटरवर, म्हणजे द्रावण प्रकाशाचं प्रतल किती फिरवतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, बघितलं. १ साखर + १ पाणी → १ ग्लुकोज + १ फ्रुक्टोज. सगळीकडे एक! बिचाऱ्याला हा भागाकार करायची वेळच आली नाही.

पण भागाकारामुळे एक विचित्र गोष्ट होते जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. अमोनियाचं समीकरण कोणी अर्धं करून लिहिलं, अर्धा नायट्रोजन + दीड हायड्रोजन → १ अमोनिया, तर? नायट्रोजन अजूनही ०.१ ने संपतोय, भांड्यात काहीच बदललं नाही, पण ०.१ ला अर्ध्याने भागलं की ०.२ आले. रिॲक्शनचा रेट दुप्पट झाला, फक्त पेन वेगळं चाललं म्हणून. घाबरू नकोस, हे असंच आहे. एका पदार्थाचा वेग ही भांड्यातली गोष्ट आहे, रिॲक्शनचा रेट हा समीकरण कसं लिहिलंय त्याला बांधलेला आहे. पाच डझनची पेटी धरली तर कामाचा वेग तासाला दहा, अडीच डझनची धरली तर वीस, आंबे सहाशेच. म्हणून "रिॲक्शनचा रेट अमुक" असं कोणी सांगितलं की समीकरण दाखवा म्हणायचं.

यातूनच के चा गोंधळ होतो, तो तुला पुढच्याच आठवड्यात भेटेल म्हणून आत्ताच सांगतो. रेट लॉ म्हणजे रेट कॉन्सन्ट्रेशनवर कसा अवलंबून आहे ते सांगणारं सूत्र, आणि के म्हणजे त्यातला स्थिर आकडा. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड घे: २ पेंटॉक्साइड → ४ नायट्रोजन डायऑक्साइड + १ ऑक्सिजन. नायट्रोजन डायऑक्साइड ०.००७२ ने तयार होतोय म्हणाले, तर चारने भागून रेट ०.००१८, ऑक्सिजन तेवढाच, पेंटॉक्साइड त्याच्या दुप्पट म्हणजे ०.००३६ ने संपतोय. इथवर सरळ. आता एक पुस्तक लिहितं "रिॲक्शनचा रेट = के × पेंटॉक्साइड" आणि दुसरं लिहितं "पेंटॉक्साइड संपायचा वेग = के × पेंटॉक्साइड", आणि दोघंही त्याला के च म्हणतात! दुसऱ्याचा के पहिल्याच्या दुप्पट आहे. हाफ लाइफ (पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) काढताना ०.६९३ ज्याने भागायचं तो दुसरा, पेंटॉक्साइडच्या स्वतःच्या वेगातला के, पहिला दिला असेल तर त्याची दुप्पट करून भागायचं. आणि तिघांना तीन वेगळे के दिलेलं ते नेहमीचं गणित, पेंटॉक्साइडचा के-एक, नायट्रोजन डायऑक्साइडचा के-दोन, ऑक्सिजनचा के-तीन, तिथे पण तोच अपूर्णांक मांडायचा: के-एक भागिले २ = के-दोन भागिले ४ = के-तीन भागिले १. चारने गुणून टाक, २ के-एक = के-दोन = ४ के-तीन. हे पाठ करणारी पोरं दर वर्षी उलटं पाठ करतात.

तुझा दुसरा प्रश्न, तो आकडा पॉवरला का जात नाही. वरच्याच उदाहरणात बघ, पेंटॉक्साइडच्या पुढे २ आहे पण रिॲक्शन फर्स्ट ऑर्डर आहे, पॉवर १. आणि याहून झणझणीत हवं असेल तर ब्रोमेट-ब्रोमाइडची रिॲक्शन: १ ब्रोमेट + ५ ब्रोमाइड + ६ हायड्रोजन आयन → ३ ब्रोमिन + ३ पाणी. ब्रोमिन ०.०१५ ने तयार होतंय तर रेट ०.००५, ब्रोमाइड ०.०२५ ने संपतंय, हायड्रोजन आयन ०.०३० ने. आकडे १, ५, ६ इथे पुरेपूर वापरले. पण प्रयोगातून मिळणारा रेट लॉ म्हणतो ब्रोमेटची पॉवर १, ब्रोमाइडची १, हायड्रोजन आयनची २. एकूण ऑर्डर, म्हणजे पॉवरची बेरीज, चार, बारा नाही. बारा कण एकाच क्षणी एका जागी येऊन धडकणं, अगं गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून निघालेल्या बारा गाड्या एकाच मिनिटाला परशुराम घाटात पोचल्यासारखं आहे ते. रिॲक्शन लहान लहान टप्प्यांत होते आणि वेग ठरतो सगळ्यात रेंगाळणाऱ्या टप्प्यावर, पॉवर तिथून येतात. पुढचे आकडे हा फक्त शेवटचा जमाखर्च आहे, किती गेलं किती आलं. जमाखर्चाचे आकडे वेगांना *एकमेकांशी* जोडतात, तो वेग मुळात किती असेल हे ते सांगू शकत नाहीत. अपवाद एकच, ती रिॲक्शनच एका टप्प्यात होणारी असेल तर.

आणि टप्पे आले की एक अट येते जी शाळेत कोणी बोलत नाही. वेगांचं हे नातं प्रत्येक क्षणी खरं तेव्हाच, जेव्हा मधल्या टप्प्यात काही साठून राहत नाही. (आकारमान कायम हवं ही पण अट आहे, कॉन्सन्ट्रेशनमध्ये बोलतो तेव्हा, पण ती पुस्तकात असते.) साठणं काय असतं ते मी एका नाइट शिफ्टला शिकलो.

कंपनीचं नाव सोड. नायट्रो कंपाउंडचं हायड्रोजन देऊन अमिन करायची बॅच होती, प्रेशरखाली, ऑटोक्लेव्हमध्ये. १ नायट्रो + ३ हायड्रोजन → १ अमिन + २ पाणी. आत डोकावता येत नाही, पण हायड्रोजन किती ओढला गेला ते मीटरवर दिसतं, म्हणून सगळे तीनने भागतात आणि म्हणतात एवढा नायट्रो संपला. तुझ्या शिंपल्यांसारखंच. आकडे सोपे करून सांगतो. आत १० किलोमोल नायट्रो, म्हणजे पूर्ण व्हायला ३० किलोमोल हायड्रोजन. रात्री एकच्या सुमारास १८ ओढला गेला होता. भागिले तीन, ६ संपला, ४ शिल्लक. लॅबमधून सॅम्पल आलं तर शिल्लक फक्त २. म्हणजे ८ संपला होता.

ऑपरेटर खूश, म्हणाला साहेब आपल्या अंदाजापेक्षा पुढे आहे बॅच, थोडं टेंपरेचर वाढवू, चहाच्या वेळेपर्यंत उतरवून टाकू. मला पण आधी बरंच वाटलं. मग लॉगबुकच्या मागच्या पानावर हिशेब केला. ८ नायट्रो पूर्ण अमिनपर्यंत गेला असता तर २४ हायड्रोजन लागला असता, आणि गेलाय १८. सहा कमी. मीटर खोटं बोलत नव्हतं, लॅब खोटं बोलत नव्हती, म्हणजे नायट्रो अर्ध्या वाटेत थांबला होता. ती अर्धी वाट म्हणजे हायड्रॉक्सिलअमिन: १ नायट्रो + २ हायड्रोजन → १ हायड्रॉक्सिलअमिन + १ पाणी, आणि मग आणखी १ हायड्रोजन घेऊन अमिन. समज साठलेलं हायड्रॉक्सिलअमिन क्ष आणि तयार झालेलं अमिन य. क्ष + य = ८, आणि २क्ष + ३य = १८. सोडव तू, य येतो २, क्ष येतो ६. संपलेल्या आठातला सहा किलोमोल मधल्या स्टेशनवर बसून होता, आणि हा पदार्थ असा की जास्त तापला तर स्वतःच फुटून प्रचंड उष्णता सोडतो. टेंपरेचर वाढवायचं म्हणत होतो आम्ही!

टेंपरेचर वाढवलं नाही. भांड्याभोवतीच्या जॅकेटला थंड पाणी वाढवलं, ढवळणं आणि हायड्रोजन चालू ठेवला, सीनियरला झोपेतून उठवलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने सॅम्पल काढत बसलो. कॅटॅलिस्ट परत परत वापरून थकला होता, दुसरा टप्पा त्यामुळे रेंगाळत होता. गंमत बघ, पुढच्या दोन तासांत नायट्रो जवळजवळ संपला होता तरी हायड्रोजन ओढला जातच होता. नायट्रोचा वेग शून्य आणि हायड्रोजनचा वेग शून्य नाही, तीनचा काय आणि तीस-चाळीसचा काय, तिथे भागाकाराला अर्थच नव्हता.

बॅच पहाटे साडेचारला संपली. मीटरवर एकूण हायड्रोजन तिसाला जेमतेम अर्धा किलोमोल कमी भरला होता.